पाणी तापत नव्हतं

त्या दिवशी सकाळी सव्वानऊच्या सुमाराला मालकांनी आपली बोटं माझ्या शर्टाच्या बाहीला पुसली. एवढंच झालं. ते नेहमीसारखे फेरीवर आले होते. फेरीवर येताना काहीतरी खात यायची त्यांची जुनी सवय. त्या दिवशी उकडलेलं अंडं होतं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलची मेट्रन पाहणीला येणार होती, म्हणून कुठली गाठोडी नजरेआड करायची, कुठल्या भिंतीला रंग मारायचा, हे ते चालता चालता सांगत होते आणि मी त्यांच्या डाव्या हाताला अर्धं पाऊल मागे राहून ‘हो’ म्हणत होतो. अंडं संपलं. बोटांना पिवळा बलक चिकटला होता. बोलणं न थांबवता, माझ्याकडे न बघता त्यांनी हात बाजूला केला आणि आधी अंगठा, मग पहिलं बोट, मग मधलं, अशी तीन बोटं माझ्या बाहीला नीट, सावकाश पुसली. खिळ्याला टांगलेल्या टॉवेलला पुसावीत तशी. अपमान करायचा हेतू नव्हता, हे मला तेव्हाही कळलं. टॉवेलचा कोणी अपमान करत नाही. पण खरी गोष्ट त्याच्या आधी, अर्ध्या क्षणापूर्वी घडली होती. त्यांचा हात वळला तेव्हा माझं कोपर आपणहून पुढे झालं होतं.

मला किळस येत नाही, अशी आमच्या लाँड्रीच्या कारखान्यात माझी ख्याती. सव्वीस वर्षं मी निवडीच्या खोलीत काढली. हॉस्पिटलची, हॉटेलांची, वसतिगृहांची गाठोडी पहिल्यांदा उघडतात ती तिथे. रक्त, पू, ओकारी, कुणाच्या शेवटच्या रात्रीचं सगळं त्या चादरींत गुंडाळून येतं. नवीन बाई कामाला लागली की पहिलं गाठोडं सोडताच तोंडाला रुमाल लावून बाहेर पळायची. मी तिला परत आणून सांगायचो की घाण कापडाला लागते, आपल्याला नाही. आपण मधे फक्त हात आहोत. हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं की ते मला माझं शहाणपण वाटायला लागलं होतं. आणि आता बाहीवरच्या चिमूटभर पिवळ्या चुऱ्याकडे मला बघवेना. मालक पुढे गेले तसा मी मागच्या मोरीत शिरलो आणि नळाखाली बाही धरली. अंड्याचा डाग गार पाण्यात काढायचा असतो, गरम पाण्यात तो पक्का बसतो, हे आमच्या धंद्यातलं अगदी बाराखडीतलं ज्ञान. पण घाईत मी गरम पाण्याचा नळ उघडला. डाग तरीही निघाला, सहज निघाला. कारण त्या नळाला गरम पाणी येतच नव्हतं. कोमट येत होतं. बासष्ट दिवस कोमटच येत होतं, आणि ते मला माहीत होतं.

हॉस्पिटलच्या चादरी सत्तर अंशांच्या पुढच्या पाण्यात पंचवीस मिनिटं फिराव्या लागतात. नाही तर डाग जातो, पण डागात जे जगत असतं ते जात नाही. आमच्या मोठ्या बॉयलरच्या नळ्या आतून क्षारांनी भरल्या होत्या. पाणी पन्नाशीच्या आसपास घुटमळायचं. बॉयलरवाल्यानं पहिल्याच दिवशी येऊन मला सांगितलं. तो कमी बोलणारा, पाठीत वाकलेला माणूस. त्यानं काटा दाखवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी धाकट्या मालकांना सांगितलं. ते मालकांचे एकुलते चिरंजीव, जावळातल्या बाळासारखे मऊ केस आणि मऊ आवाज. ते म्हणाले की वर्षअखेरीपर्यंत ढकला, नवा कारखाना होणारच आहे. मग चादरींना आंबूस वास यायला लागला. धाकट्या मालकांनी त्यावर उपाय काढला: शेवटच्या पाण्यात टाकायला सुगंधाचे मोठे मोठे कॅन आणले. कसली तरी फुलं. जगात नसलेली फुलं. नुसत्या वरवर धुतलेल्या, आतले जंतू न मेलेल्या चादरी त्या वासात घोळून, कडक इस्त्री होऊन, निळ्या व्हॅनमधून हॉस्पिटलला जायच्या. रोज संध्याकाळी नोंदवहीत ‘तापमान’ या रकान्यात मी ‘ठीक’ लिहायचो आणि सही करायचो. माझी सही चांगली आहे. शेवटच्या अक्षराला एक झोकदार वळण आहे.

मालकांना का सांगितलं नाही, असं कुणीही विचारेल. त्याचंही एक कारण होतं, आणि ते सगळ्यांना पाठ होतं. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एक इंजिनिअर होता. भर बैठकीत तो म्हणाला की बॉयलर म्हातारा झालाय, बदलायला हवा. तो बॉयलर म्हणजे मालकांची पहिली मोठी खरेदी. त्यांनी त्याला स्वतः रंग लावला होता. मालक हसले. मोठ्यानं, मोकळेपणानं हसले, आणि त्यांच्या मागून आम्ही अकराजण हसलो. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर सर्वांत लांबच्या शाखेत काउंटरवर पावत्या फाडायला बसला. ना ओरडणं, ना काढून टाकणं. तो तिथे दोन वर्षं बसला आणि मग आपणच गेला. त्यानंतर बैठकीत आम्ही नंदीबैलासारख्या माना हलवायचो. माझी मान त्यात सगळ्यात लयीत हलायची, असं एकदा इस्त्रीखान्याच्या बाई मला म्हणाल्या होत्या. त्या बाई तोंडानं फटकळ, पण मालकांपुढे त्यांनीही मिठाची गुळणी धरलेली. तेव्हा मी त्यांच्यावर रागावलो होतो.

मालक हे काही राक्षस नव्हते. हे सांगायलाच हवं, कारण नंतर सगळ्यांनी त्यांना राक्षस करून टाकलं आणि स्वतःला सोडवून घेतलं. ते डोक्यावर गाठोडी वाहत या धंद्यात आले. डोळे मिटून कापडावरून अंगठा फिरवला तरी कुठला साबण, किती खळ, कुणाच्या हातची इस्त्री, ते सांगायचे. त्यांच्या खोलीत शहराचा मोठा नकाशा होता आणि घेतलेल्या प्रत्येक लाँड्रीच्या जागी निळ्या डोक्याची टाचणी. बावीस टाचण्या शहरात, सहा बाहेर. ‘एकाही ठिकाणी भांडण केलं नाही,’ असं ते नकाशासमोर उभे राहून सांगायचे, आणि ते खरं होतं. पहिली टाचणी माझ्या वडिलांची.

बाबांचं दुकान चार टेबलांचं. गिऱ्हाइकांना ते चेहऱ्यापेक्षा कॉलरवरून जास्त ओळखायचे. या माणसाची कॉलर डावीकडे जास्त मळते, म्हणजे तो झोपतो त्या कुशीवर. याच्या बाह्या हल्ली मनगटाशी चुरगळलेल्या असतात, म्हणजे याचं काहीतरी बिनसलंय. मालक पहिल्यांदा आले तेव्हा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी बाबांच्या इस्त्रीची मनापासून तारीफ केली. महिन्याभरानं आमच्या गल्लीत निळी व्हॅन फिरायला लागली. दारातून कपडे न्यायची, दारात आणून द्यायची. लोक आम्हाला भेटले की ओशाळं हसायचे आणि तिसऱ्या महिन्यात हसायचेही बंद झाले. वर्षाच्या आत बाबांनी कागदावर सही केली. मालक त्यांना म्हणाले, ‘तुमची खुर्ची तुमचीच. फक्त पाटी बदलेल.’ आणि खरोखरच खुर्ची राहिली. बाबा त्यात तीन वर्षं बसले. कपडे आता मोठ्या कारखान्यात जात होते. बाबा फक्त गाठोडी घ्यायचे आणि गाठोडी द्यायचे. कॉलरी त्यांना दिसत नव्हत्या. कधी तरी गुपचूप एखादं गाठोडं सोडून ते आतला शर्ट बघायचे आणि परत बांधून ठेवायचे.

पण बाबांना एक काम मिळालं होतं. मालक ज्या लाँड्रीवर डोळा ठेवायचे तिथे आधी बाबांना पाठवायचे. करायचं काही नाही, फक्त जायचं, बसायचं आणि सांगायचं की मी सुखात आहे. बाबा चांगला शर्ट घालून जायचे. परत आल्यावर हातपाय धुऊन बराच वेळ खिडकीशी उभे राहायचे. आई विचारायची, ‘काय म्हणाले?’ बाबा म्हणायचे, ‘काय म्हणणार? करतील तेही सही.’ बाबा गेल्यावर तेराव्या महिन्यात मालकांनी मला बोलावलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले की तुझ्या वडिलांची जागा रिकामी आहे. मला वाटलं खुर्ची. पण त्यांना ते दुसरं काम म्हणायचं होतं. मी ते बाबांपेक्षा चांगलं केलं. अठरा दुकानांत गेलो. बाबा फक्त ‘सुखात आहे’ म्हणायचे, मी तपशील द्यायचो. मालक कौतुकानं म्हणायचे की तू गेलास की दार आतून उघडतं. शेवटचं दुकान एका म्हाताऱ्या बाईंचं होतं. नवऱ्यामागे त्यांनी ते एकटीनं चालवलेलं. त्यांनी मला पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, ‘तुझे वडील खरंच सुखात होते का रे?’ मी म्हणालो, ‘हो.’ त्यांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला, पाणी अजून अर्धं होतं, आणि मागे जाऊन तो विसळला. दोनदा विसळला. पुढच्या महिन्यात तिथेही टाचणी लागली. त्या दुसऱ्यांदा विसळण्याचा आवाज मी जवळजवळ नऊ वर्षं ऐकला नव्हता. त्या सकाळी मोरीत बाही पिळताना ऐकला.

संध्याकाळी घरी गेलो तर बायकोनं बाहीचा ओला भाग बघितला आणि काय सांडलं म्हणून विचारलं. मी अंडं म्हणालो. तिनं शर्ट टोपलीत टाकायला हात पुढे केला तर मी तिच्यावर खेकसलो, तो शर्ट मला तिच्या हातात द्यायचा नव्हता. जेवण समोर आलं, गिळवलं नाही. मुलगी शेजारी बसून शाळेचे पेपर तपासत होती. ती इतिहास शिकवते. तिच्या मते मुलं सगळी एकाच छापाची उत्तरं लिहितात. तिनं वाचून दाखवलं. प्रश्न होता: सम्राटाने जिंकलेले साम्राज्य का कोसळले? राज्य फार विस्तारले होते. वारस दुबळे निघाले. सरदारांत फूट पडली. सीमेवर नवे शत्रू आले. चार मुद्दे, चार गुण. मग ती हसली आणि म्हणाली, ‘हे बघा बाबा, हिनं काय लिहिलंय. “सगळ्यांना त्याचा वीट आला होता, पण कोणी त्याला सांगितले नाही.” एवढंच वाक्य. पुढे कोरं.’ किती गुण दिलेस, असं मी विचारलं. ती म्हणाली की पुस्तकात नाही, अर्धा देते. मी तो पेपर मागून घेतला. शाई थोडी पसरली होती, अक्षर गिचमिड. मला त्या अनोळखी मुलीचा राग आला. तिला अर्धंच कळलं होतं. वीट एकदम येत नाही. आधी भीती असते, मग सवय होते, मग त्या सवयीतून काही वर्षं चक्क प्रेमासारखं काही तरी निघतं, आणि जिंकलेली माणसं पुढच्यांना जिंकायला मदत करतात, कारण आपण एकटेच जिंकले गेलो हे सहन होत नाही. राज्य मोठं होतं ते त्यामुळे. आणि सांगायचं का नाही? कारण सांगायला तोंड उघडलं की आपल्याच तोंडाचा वास आपल्याला येतो. हे मी मुलीला म्हणालो नाही. मी म्हणालो, ‘एक तरी दे.’ तिनं लाल पेनानं अर्ध्याचा एक केला.

दुसऱ्या दिवशी मेट्रन आली ती एकटीच. उंच, कोरड्या चेहऱ्याची बाई, पन्नाशीची. मालकांनी तिला रंगवलेल्या भिंतीच्या बाजूनं फिरवलं, नकाशा दाखवला, डोक्यावरच्या गाठोड्यांची गोष्ट सांगितली. ती ऐकत होती पण तिचं नाक हलत होतं. निवडीच्या खोलीत आल्यावर तिनं दाराशी व्हॅनसाठी ठेवलेल्या तयार चादरींच्या थप्पीतली एक ओढली, उलगडली, तोंडाजवळ नेली आणि विचारलं की एवढा सुगंध कशासाठी. धाकटे मालक म्हणाले, रुग्णांना प्रसन्न वाटावं म्हणून. तिनं चादर तशीच हातात धरून पाणी किती अंशांना जातं ते विचारलं. मालकांनी तेच केलं जे ते नेहमी करत. माझ्याकडे हात करून म्हणाले, ‘हा सांगेल. सव्वीस वर्षं इथे आहे, याच्या वडिलांपासून आमचे संबंध.’

मी धैर्य गोळा केलं, सत्याची बाजू घेतली, असं काही तरी सांगता आलं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. मी ‘ठीक’ म्हणायला तोंड उघडलं. केस अडकावा तसा तो शब्द अडकला. दुसरं काहीच तोंडात नव्हतं, म्हणून जे होतं ते बाहेर आलं. मी म्हणालो, ‘पाणी तापत नाही. बासष्ट दिवस झाले. पन्नासच्या वर जात नाही.’

धाकटे मालक हसले आणि म्हणाले की यांची तब्येत कालपासून बरी नाही. मेट्रननं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं दारातल्या बॉयलरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ‘हो. बासष्ट नाही, आज त्रेसष्ट.’ इस्त्रीखान्याच्या बाईंना कोणी विचारलं नव्हतं, पण त्या म्हणाल्या की इस्त्रीखाली वास उठतो, आमच्या दोघीतिघींच्या हातांना पुरळ आलंय. मग निवडीतली एकजण बोलली. मग व्हॅनवाला. आवाज कोणीही चढवला नाही. दुपारच्या सुट्टीत बोलावं तसं सगळे बोलत होते, थोडे कंटाळून. अठ्ठावीस टाचण्यांचं राज्य त्या पाचदहा मिनिटांत गेलं, आणि त्यात शत्रू कोणीच नव्हता. फक्त त्या दिवशी खोटं बोलायचा कुणाला उत्साह राहिला नव्हता.

मेट्रन गाठोड्यावर बसली. गाठोडं मळक्या कपड्यांचं होतं, तिला कळलंही असेल, तरी बसली. आमच्याकडे अठराजणांच्या जखमा चिघळल्या, असं ती कुणालाच न उद्देशून म्हणाली. मग उठली, ती चादर घडी करून आपल्या पिशवीत घातली आणि गेली.

पुढचं लवकर झालं. हॉस्पिटल गेलं, त्यामागे दुसरं गेलं, मग हॉटेलं गेली. बाहेरच्या सहा शाखा एकाच आठवड्यात तुटल्या. तिथल्या माणसांनी सकाळी येऊन पाट्या उतरवल्या आणि दुपारी आपल्या नावाच्या टांगल्या, जणू त्या इतकी वर्षं खाटेखाली तयारच होत्या. जे कालपर्यंत मालकांच्या पायाशी लोळण घेत होते ते आता चौकात उभे राहून कारणं सांगू लागले. मुलगा दिवटा निघाला. पसारा फार वाढवला. नव्या कंपनीनं नवी यंत्रं आणली. सगळी कारणं खरी होती आणि सगळ्यांच्या तोंडून ती ऐकताना मला लाळ गळताना बघावी तसं व्हायचं. दोघातिघांनी माझा हात हातात घेऊन मला शाबासकी दिली. एकजण म्हणाला की तुमच्यामुळे आम्ही सुटलो. त्याचा तळवा घामट होता. मी हात सोडवून घेतला.

कारखाना बंद झाला त्या दिवशी मालकांनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, शिव्या देतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो, थोडी वाटही बघत होतो. ते खिडकीशी बसले होते. दुपारचं ऊन तोंडावर आलं होतं आणि ते ऊन चुकवायला मान वळवायचीही त्यांना आठवण नव्हती. मग म्हणाले, ‘मला आधी का नाही सांगितलंस?’

त्यांनी हे कुत्सितपणे विचारलं नव्हतं. त्यांना खरोखर कळत नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा चेहरा एखाद्या फसवल्या गेलेल्या पोरासारखा झाला होता. मी इंजिनिअरची आठवण दिली. ते म्हणाले, ‘कोण इंजिनिअर?’ त्यांना आठवत नव्हता. मी सांगितलं तसं त्यांनी आठवून बघितलं, मनापासून आठवून बघितलं, आणि नकारार्थी मान हलवली. ‘तू तर घरचा होतास,’ ते म्हणाले. ‘तू सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं.’ कदाचित ऐकलं असतं. ही शक्यता त्या क्षणापर्यंत माझ्या मनात कधी आली नव्हती. सगळी वर्षं मी त्यांच्या भीतीवर रेलून उभा होतो. ती भीती किती खरी, हे मी एकदाही हात लावून बघितलं नव्हतं. मी बाहेर आलो. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. धाकट्या मालकांनी त्यांना दुसऱ्या गावी नेलं असं ऐकलं.

चार महिन्यांनी हॉस्पिटलच्या चौकशीत मला बोलावलं. लांब टेबल, पलीकडे तिघं, कोपऱ्यात मेट्रन. मी जे झालं ते सांगितलं, एकानं ते टाइप केलं. उठताना मी सहज विचारलं की त्या अठराजणांचं पुढे काय झालं. सोळाजण बरे होऊन घरी गेले होते. दोघांबद्दल कोणी काही म्हणालं नाही. मधला माणूस कागद आवरत म्हणाला की तसं हे प्रकरण तेव्हाच मिटलं होतं. हलगर्जीपणाबद्दल वॉर्डमधल्या दोन नर्सना कमी केलं होतं. मला आधी नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं. आता त्यांना परत घेणार का, असं मी विचारलं तर तो म्हणाला की तो वेगळा विषय आहे. जिन्यात मेट्रननं मला गाठलं. तिनं इकडेतिकडे बघून एक चिठ्ठी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, ‘एक शहर सोडून गेली. दुसरीचा पत्ता. त्यांना काढल्याच्या पत्रांवर सह्या माझ्याच होत्या.’ ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. आम्हाला एकमेकांची शिसारी आली असावी. निदान मला तरी तिच्या तोंडावर माझंच तोंड दिसलं.

ती नर्स एका औषधाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत खोकी लावत होती. तिशीची असेल. मी कोण ते सांगितलं. बसा म्हणाली नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: बॉयलर, पाणी, सुगंध, वही. ती हातातलं काम न थांबवता ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, ‘किती दिवस?’ मी म्हणालो, ‘त्रेसष्ट.’ तिनं खोकं खाली ठेवलं आणि दोन्ही हात माझ्यापुढे पालथे धरले. बोटांच्या सांध्यांवर कातडी फाटून भरून आली होती, पांढऱ्या रेघा राहिल्या होत्या.

‘दर पेशंटनंतर हात धूत होते मी,’ ती म्हणाली. ‘दोनदा, तीनदा. साल निघेपर्यंत. तरी जखमा चिघळायच्या. मला वाटायचं, घाण माझ्याच हातांत आहे. अजून वाटतं. पोरीला भरवताना चमच्यानं भरवते.’

मी माफी मागायला सुरुवात केली. तिनं हात वर करून मला थांबवलं, जसं एखाद्याला जास्त जवळ येऊ नका म्हणून थांबवतात. गल्ल्याकडून एक कोरा कागद आणि पेन आणून तिनं एका खोक्यावर ठेवलं. हे सगळं लिहून सही करून द्या, मी ते हॉस्पिटलात घेऊन जाईन, म्हणाली. मी वाकून लिहू लागलो. पाण्याचे तापमान पुरेसे नव्हते, त्यामुळे चादरी निर्जंतुक होत नव्हत्या, त्यात परिचारिकांचा दोष नव्हता. तारखा घातल्या. सही केली. तिनं कागद उचलून उजेडात धरला आणि हळू हळू, ओठ हलवत वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग तो परत खोक्यावर ठेवला आणि एका ओळीखाली बोट टेकवलं.

‘तुम्हाला माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘ते यात कुठेच नाही. ते लिहा.’

समोर काउंटरवर कोणी तरी खोकल्याचं औषध मागत होतं. तिनं ‘आले’ म्हणून आवाज दिला, पण ती जागची हलली नाही. मी पेनचं टोपण परत काढलं. सहीच्या वर जागा उरली नव्हती, म्हणून खाली लिहिलं.